एसटीने जा, कॅनॉलकाठाने चाला: कराडजवळची सपाट वाट

कराड स्टँडवरून ओगलेवाडी-विट्याकडे जाणारी एसटी धरली, की विद्यानगरजवळ कृष्णा कॅनॉल लागतो. 19व्या शतकातला हा कालवा खोडशी बंधाऱ्यापाशी वळवलेलं कृष्णेचं पाणी पलूस-तासगावकडे नेतो. पाणी पंपाशिवाय, अगदी मंद उतारावर वाहतं. म्हणूनच उसाच्या कडेने जाणारी काठची वाट जवळपास सपाट आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही जमेल!

एसटीचा खरा फायदा इथे कळतो. लावलेल्या गाडीसाठी मागे फिरावं लागत नाही, पुढच्या गावातून परतीची बस धरायची. शेवटची गाडी किती वाजता, हे मात्र आधीच विचारा. महिलांना अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्यांना मोफत.

आवर्तन सुरू असताना सेल्फीसाठीही पाण्यात उतरू नका. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला आत ओढ असते आणि उतरत्या काठाला धरायला काही नसतं.