जुलाब दातांमुळे, की दात जुलाबांमुळे?

शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सात-आठ महिन्यांच्या तान्ह्याला पातळ शी होऊ लागली की शेजारणीचं निदान तयार असतं. "दात येतायत त्याला, होणारच." आशाताईंनी ओआरएसची पुडी पुढे केली तरी आजी म्हणते, "राहू दे गं, दात फुटले की आपोआप थांबेल." हा समज कसारा-खर्डीपासून टोकावडे-धसईपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. दादरच्या फ्लॅटमधल्या आजीही हेच म्हणतात. पण तिथलं बाळ अर्ध्या तासात डॉक्टरांसमोर असतं. पाड्यावरून निघालेलं बाळ दवाखान्यात पोचेस्तोवर त्याचे डोळे खोल गेलेले असतात.

"दात येताना जुलाब होतातच"

दात वर येताना लाळ गळते, हिरडी सळसळते, मूल चिडचिडं होतं, अंग किंचित कोमट लागतं. दाताचा त्रास एवढाच. जुलाब आणि खरा ताप दातामुळे येत नाहीत. गोंधळ होतो तो वेळेमुळे. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते, वरचं अन्न सुरू होतं, आणि बाळ रांगायला लागून हाताला लागेल ते तोंडात घालतं. नेमक्या त्याच दिवसांत पहिला दात डोकावतो आणि सगळं त्याच्या नावावर जमा होतं.

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आहेत, आणि त्याच तालुक्यातले कितीतरी पाडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट बघतात. जुलाबांचं कारण शोधायचं तर हिरडीऐवजी हंड्यात शोधावं. उपचार साधा आहे: ओआरएस, अंगावरचं दूध चालू ठेवणं, आणि सहा महिन्यांवरच्या बाळाला १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम झिंक.

गंमत अशी की हा समज उलटा करून वाचला तर त्यात तथ्य सापडतं. दात जुलाब आणत नाहीत. पण वारंवारचे जुलाब, ताप आणि कुपोषण दात बिघडवू शकतात. बिघडतात ते मात्र वर आलेले दुधाचे दात नव्हेत. दुधाचे दात येत असतात तेव्हा जबड्याच्या आत कायमच्या दातांची घडण चालू असते. कायमच्या पहिल्या दाढेचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण कवच, जन्माच्या सुमारास बनू लागतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत पुरं होतं. वरच्या पुढच्या दातांचं काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होऊन चार-पाच वर्षं चालतं.

"दात म्हणजे कॅल्शियम, गोळ्या घेतल्या की झालं"

तयार इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं हे खरं. शरीरात त्याहून कठीण काही नाही. पण सुरुवात खनिजाने होत नाही, प्रथिनांनी होते. अमेलोब्लास्ट नावाच्या पेशी आधी मऊ लगदा स्रवतात. त्यात साधारण ९० टक्के अमेलोजेनिन आणि बाकी अमेलोब्लास्टिन, इनॅमेलिन अशी प्रथिनं असतात. या लगद्यात कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक फिती उभ्या राहतात, आणि त्या जाड होऊ लागल्या की प्रथिनं कापून, शोषून बाहेर काढली जातात. स्लॅब पडला की सेंटरिंग काढतात, तसंच हे. कापण्याचं काम आधी एमएमपी-२० आणि नंतर केएलके-४ ही विकरं करतात. प्रथिनं आत अडकून राहिली तर इनॅमल खडूसारखं मऊ निघतं.

या प्रथिनांवर पेशीतून बाहेर पडण्याआधीच एक रासायनिक संस्कार झालेला असतो. अमेलोजेनिनच्या साखळीत सोळाव्या जागी सेरीन नावाचं अमिनो आम्ल आहे. त्याला फॉस्फेटचा एक गट चिकटवला जातो. याला फॉस्फोरिलेशन म्हणतात. अख्ख्या साखळीवर बदल इवलासाच, पण त्यावाचून चालत नाही. उंदरांमध्ये ते सोळावं सेरीन काढून तिथे फॉस्फेट न स्वीकारणारं अमिनो आम्ल बसवून पाहिलं गेलं. निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले: इनॅमल पातळ निघालं आणि त्यातल्या स्फटिकांच्या दांड्यांची नेटकी वीण तयारच झाली नाही. फॉस्फेट लागलेलं अमेलोजेनिन खनिजाला काही काळ निराकार अवस्थेत थोपवून धरतं. ते नसलं की खनिज घाईने, वेडंवाकडं स्फटिकरूप होतं. माणसात इनॅमेलिनच्या २१६व्या जागेवरचं सेरीन बदलल्यामुळे दात जन्मतःच सदोष असलेली कुटुंबं आढळली आहेत. त्या सेरीनवरही फॉस्फेटच बसायचं असतं. घरात पिढ्यान्पिढ्या पिवळे, झिजके दात दिसतात तेव्हा "कुणाचे तरी भोग" म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

हा फॉस्फेट चिकटवणारं विकर म्हणजे फॅम२०सी. २०१२ मध्ये अमेरिकेत जॅक डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने त्याची ओळख पटवली. शोध दातासाठी चाललाच नव्हता. दुधातल्या केसीनला फॉस्फेट कोण लावतं, हे कोडं शास्त्रज्ञांना कित्येक दशकं सुटत नव्हतं, आणि उत्तर निघालं तेच हे विकर. केसीनची जनुकं आणि इनॅमलच्या प्रथिनांची जनुकं एकाच घराण्यातली आहेत. आईचं दूध आणि बाळाचा दात हे उत्क्रांतीच्या हिशेबात भाऊबंद निघाले! दुधात केसीनवरचे फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत. दातातही काम बरंचसं त्याच जातीचं.

यावरून कुणी असं समजू नये की प्यायलेल्या दुधातलं केसीन थेट दातात जाऊन बसतं. पोटात त्याचे तुकडे होतात आणि पेशी आपलं प्रथिन नव्याने बनवते. गोळ्यांचंही तेच. इनॅमल बनत असताना आहारात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, प्रथिनं कमी पडली तर नुकसान होतं. पण दात वर आला की अमेलोब्लास्ट पेशी संपलेल्या असतात. मग डबाभर गोळ्या खाल्ल्या तरी इनॅमलचा नवा थर चढत नाही. फ्लोराइडची पेस्ट आहे ते खनिज सावरते, गमावलेला थर परत आणत नाही. आणि गरोदरपणात बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेतं ही समजूतही निराधार आहे. त्या काळात दात खराब होतात ते सुजलेल्या हिरड्यांमुळे, उलट्यांच्या आम्लामुळे आणि घासणं मागे पडल्यामुळे.

"खड्डे पडलेले दात म्हणजे घासायचा आळस"

आश्रमशाळेतल्या एखाद्या मुलीच्या पुढच्या दातांवर एकाच पातळीत आडवी चर किंवा टिंबांची रांग दिसली की मास्तर तिलाच बोलतात. ती चर तिच्या आळसाची नाही. अमेलोब्लास्ट पेशी फार नाजूक असतात. जोराचा ताप, गोवर, उपासमार यांनी त्यांचं काम काही दिवस अडखळतं आणि तेवढ्या पट्ट्यात इनॅमल कमी पडतं. दाताच्या कोणत्या उंचीवर चर आहे, त्यावरून मूल कोणत्या वयात आजारी होतं याचा अंदाज बांधता येतो.

असा अंदाज हजारो वर्षांनीही बांधता येतो. सह्याद्रीपलीकडे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. तिथे घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली ताम्रपाषाणयुगीन लहान मुलं सापडली. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरच्या इनॅमलच्या खुणांवरून जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या माता-बालकांच्या पोषणाचा माग काढला. हाडांवरच्या खुणा कालांतराने भरून निघू शकतात, इनॅमलवरच्या निघत नाहीत.

शहापूर-मुरबाडमधली कातकरी कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात. सोबत तान्ही मुलं असतात, आणि अंगणवाडी मागे राहते. गरोदर व स्तनदा मातांना दिवसाचा एक चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आदिवासी भागात आहे. दुधाच्या दातांचं इनॅमल गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून बनू लागतं, म्हणून या योजनेचा हिशेब मुलाच्या वजनाइतकाच त्याच्या दातांतही धरायला हवा. पण आहार गावात आणि बाई भट्टीवर, ही अडचण जुनीच आहे.

"डाग म्हणजे फ्लोराइड", "किडा धुरीने पडतो"

पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असणं धोक्याचं. आपल्या राज्यात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत ही तक्रार जुनी आहे. अशा पाण्यामुळेही इनॅमलमधली प्रथिनं वेळेवर बाहेर पडत नाहीत, म्हणून इनॅमल खडूसारखं आणि मग तपकिरी होतं. पण हे डाग दोन्ही बाजूंना सारखे आणि पसरट असतात. एखाद-दुसऱ्या दाढेवरच्या डागासाठी विहिरीला दोष देण्याआधी पाणी तपासून घ्यावं.

भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतल्यावर खाली पडतो तो दातातला किडा नव्हे. दातात किडा नसतोच. साखरेवर जगणारे जिवाणू आम्ल करतात आणि त्याने दात पोखरतो. मशेरीने दात बळकट होत नाहीत. तंबाखू भाजली तरी तंबाखूच.

"ही दाढ दुधाचीच, पडेल आपोआप"

या भागातल्या मुलांचं सर्वांत जास्त नुकसान या समजुतीने होतं असं मला वाटतं. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती कायमची असते. हिचंच इनॅमल जन्मापासून तीन वर्षं, त्या जुलाबांच्या आणि भट्टीच्या दिवसांत बनत होतं. ते कच्चं राहिलं असेल तर दाढ वर्षा-दोन वर्षांत पोखरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं, आणि दात त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पहिली-दुसरीतल्या मुलाची ही दाढ त्यांना मुद्दाम दाखवावी. खाचा खोल असतील तर दंतवैद्य लेप लावून त्या बुजवतात. इंजेक्शन लागत नाही, दुखत नाही, काम काही मिनिटांत होतं.