अंगी लागतं, पण कुठं? (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण उंची-वजनाच्या गणितातून निघणारा बीएमआय पाहिला. तो २३च्या आत निघाला म्हणून निर्धास्त झालेल्यांसाठी आजचा लेख.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२! आपलंच शरीर असं पुराव्याला ठेवणाऱ्या संशोधकाबद्दल मला फार आदर वाटतो.

हा फरक जन्माआधीच पडायला लागतो. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो; इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. आपल्या बाळांच्या हाडामांसात मोठी तूट होती, चरबीत मात्र फारशी नव्हती.

‘कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही,’ असं आपल्याकडे बारीक माणसाबद्दल म्हणतात. पुष्कळदा ते लागत असतं, पण पोटाच्या आत, यकृतात. ही आतली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. शिवाय जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवण्याचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि तेच आपल्याकडे तोकडे. बारीक माणसालाही मधुमेह गाठतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून ‘पाच किलो उतरवा’ एवढाच सल्ला मला अपुरा वाटतो. जेवण तोडून घाईनं उतरवलेल्या वजनात स्नायूही झिजलेले असतात.

तेव्हा शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. पँटच्या मापावर जाऊ नका. पट्टा बहुधा पोटाच्या खाली बांधलेला असतो.

ताटाचं म्हणाल, तर सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, रात्री पुन्हा पोळी-भात, यात पिठूळच फार. पोळ्या किंवा भात थोडा कमी करून त्या जागी मोडाची उसळ, घट्ट वरण, पिठलं, दही, अंडं किंवा मासे येऊ द्या. तेलावर लक्ष ठेवा. एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. साठ किलोच्या माणसाला तेवढ्या खर्चायला अर्धा तास भरभर चालावं लागतं.

चालायचं तर आहेच, आठवड्याला निदान दीडशे मिनिटं. त्यातली पंधरा जेवणानंतर चाला. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. आपली शतपावली इथं उपयोगी पडते. पण नुसत्या चालण्यानं स्नायू फारसा वाढत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोनदा जोर-बैठका हव्यात. गुडघे कुरकुरत असतील, तर हात न टेकता खुर्चीतून दहादा उठा-बसा आणि भिंतीला हात लावून जोर काढा. सत्तरीतल्यांनीही हे सावकाश, आधाराला कुणी जवळ असताना सुरू करावं.

घेराचा आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाची वेळ आणि झोप यांच्याकडे वळू. तेव्हा हा आकडा लागेल.