पदवी स्तरावरील पर्यावरणशास्त्राचे संशोधन प्रकल्प : यवतमाळ जिल्ह्यातील फ्लोराइडयुक्त भूजलाच्या संदर्भात

प्रस्तावना : सर्वोच्च न्यायालयाच्या १८ डिसेंबर २००३ च्या आदेशानुसार पर्यावरण अभ्यास हा विषय पदवीच्या सर्व शाखांना अनिवार्य झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी होते. या २५ गुणांचे प्रत्यक्षात काय होते, हे आपण अध्यापक जाणतोच. ‘जागतिक तापमानवाढ’ हा एकच प्रकल्प केवळ हस्ताक्षर बदलून वर्षानुवर्षे सादर होतो. वास्तविक, यवतमाळ जिल्ह्यात विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

जिल्ह्याचा बहुतांश भाग बेसाल्टचा असला तरी केळापूर, झरी जामणी, मारेगाव, वणी या पट्ट्यात अन्य खडकही आढळतात आणि तेथील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. भारतीय मानकानुसार स्वीकार्य मर्यादा प्रतिलिटर १.० मिलिग्रॅम असून पर्यायी स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. तथापि, उन्हाळ्यात शेतात राबणारा मजूर किती पाणी पितो, हे लक्षात घेतल्यास १.४ हा आकडाही निर्धास्त करणारा नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. उलट त्याची तीव्रता वाढते.

कार्यपद्धती : नमुना काचेच्या नव्हे, प्लास्टिकच्या बाटलीत घ्यावा आणि त्यापूर्वी हापशी काही मिनिटे चालवावी. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत स्पॅड्न्स पद्धती सोयीची ठरते. फ्लोराइड जितके अधिक, तितका अभिकर्मकाचा रंग फिका होतो आणि ५७० नॅनोमीटरवर त्याचे मापन करता येते. येथेच एक चूक संभवते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असल्यास उर्वरित क्लोरीनही हा रंग घालवतो आणि निर्दोष पाणी दूषित ठरते. क्लोरीन काढण्यासाठी वापरले जाणारे सोडियम आर्सेनाइट विषारी असल्याने ते विद्यार्थ्यांच्या हाती एकटे सोपवू नये.

म्हणूनच एकाच चाचणीच्या आधारे ‘तुमच्या हापशीचे पाणी वाईट’ असे गावात सांगणे अनुचित होय. ग्रामस्थ ती हापशी सोडून कोठे जातील, याचाही विचार हवा. परंतु निष्कर्ष विभागाच्या कपाटात बंद करणे हे त्याहून अनुचित आहे. संशयास्पद नमुन्याची फेरतपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत करून मगच ग्रामपंचायतीस लेखी कळवावे. मुलांच्या दातांवरील डागांची नोंद घ्यावयाची असल्यास पालकांची संमती आवश्यक आहे; निदान करण्याचा अधिकार मात्र विद्यार्थ्यास नाही.

एक अडचण आपल्या शैक्षणिक वर्षाचीच आहे. पावसाळ्यापूर्वीचे, म्हणजे मे महिन्यातील नमुने महत्त्वाचे असतात आणि नेमके तेव्हा महाविद्यालयास सुटी असते. त्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडे सुटीपूर्वीच बाटल्या व स्रोतांचे क्रमांक द्यावेत. पुढील तुकडीने तेच क्रमांक कायम ठेवल्यास चार-पाच वर्षांत त्या हापशांची सलग नोंद तयार होते.