कोलांटीचे गणित

हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रावरून दोराच्या ओढीने उंच चढणारी आणि मग निःशब्द तरंगणारी ग्लायडरे पाहत वाढलेल्या पुणेकराला आकाशयान म्हणजे स्वस्थतेची मूर्ती वाटावी, हे स्वाभाविकच आहे. परंतु गेल्या ऐंशीएक वर्षांतील हवाई कसरतींच्या विमानांचा मागोवा घेऊ लागले, म्हणजे ध्यानी येते की त्यांचा रचनाकार ही स्वस्थताच मोडण्याच्या खटपटीत असतो.

अमेरिकेच्या कर्टिस पिट्स याने १९४० च्या दशकात रचलेले इवलेसे दुपंखी विमान घ्या. पंखांचा विस्तार जेमतेम १७ फूट, म्हणून कूस बदलण्यास तत्पर. पुढील आवृत्त्यांत तर पंखाचा छेद वर-खाली समसमान, जेणेकरून उलट्या स्थितीतही त्याने तितकाच भार तोलून धरावा. अशा विमानाच्या सांगाड्याला वजनाच्या सहापट ताण सोसावा लागतो, उलट्या दिशेने तिप्पट; आणि विमान पालथे झाले तरी इंजिनाचा इंधनपुरवठा खंडित होता कामा नये, ही निराळीच चिंता. याच विमानाचे नकाशे पैसे मोजून घेऊन हौशी मंडळींनी ते आपापल्या घरी बांधले.

आपल्याकडे हे गणित प्रथम मांडले ते कोल्हापूरकडील डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. गटिंगेन येथे वायुगतिशास्त्रातील प्रांट्ल यांच्यासारख्या आचार्याच्या हाताखाली शिकलेल्या या गृहस्थांनी रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षणाचे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी बंगळूर येथे प्रथम उडाले. त्यांचे काम पिट्सपेक्षा अवघड होते, असे माझे मत आहे. कारण नवशिक्याच्या चुका पोटात घालणारे आणि तरीही कोलांट्या मारणारे विमान म्हणजे परस्परविरोधी गुणांचा संसार.

मात्र घाटग्यांच्या पाठीशी सरकारी कारखाना होता. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्या पाठीशी तसे काहीच नव्हते. अनेक वर्षांच्या अर्जविनंत्यांनंतर २०१७ साली मुलकी विमानखात्याच्या दप्तरी त्याची नोंद झाली. ते विमान सरळमार्गी आहे, हे एका परीने बरेच. पालथ्या उड्डाणाचा अर्ज करावयाचा झाला असता, तर तो कोणत्या रकान्यात भरावयाचा, हे ठरविण्यातच खात्याची आणखी काही वर्षे गेली असती.