कोरीटच्या विहिरीचे पाणी आणि आफ्रिकेचे मासे

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीट काय किंवा तापीखोऱ्यातील दुसरे कोणतेही गाव काय, तेथील ज्या गृहस्थास घरात काचेची टाकी मांडून आफ्रिकेतील लहान सिक्लिड मासे पाळावयाचे असतील, त्याने माशाच्या रंगावर लुब्ध होण्यापूर्वी आपल्या विहिरीच्या पाण्याची परीक्षा करावी, आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबण्यापूर्वी मासा स्वतः ओळखण्यास शिकावे. कारण माशाची जात आणि तिचे मूलस्थान एकदा निश्चित झाले, म्हणजे पाणी, अन्न, सोबती आणि टाकीची रचना हे चारही प्रश्न त्यातूनच सुटत जातात.

सिक्लिड हे प्रामुख्याने गोड्या पाण्यातील माशांचे विशाल कूळ असून त्याच्या सुमारे १,७०० जातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. आपल्या मुलुखाला हे कूळ सर्वस्वी परके नाही, कारण गोव्याच्या खाडीतला कालुंदर याच कुळातला होय. बहुतेक माशांना मुस्कटाच्या प्रत्येक बाजूस दोन नासाछिद्रे असतात, सिक्लिडला मात्र एकच असते; त्याच्या अंगावरील पार्श्वरेखा सहसा मध्येच खंडित होऊन खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते; आणि पाठीवरील पराचा पुढचा भाग काटेरी व मागचा मृदू असूनही दोन्ही मिळून अखंड दिसतात. ही तीन लक्षणे जुळली की कुळाविषयी खात्री बाळगण्यास हरकत नाही.

जात ओळखणे याहून कठीण आहे. मलावी सरोवराच्या खडकाळ भागातील माशांत नवशिक्यास विशेष सोईचा म्हणजे लॅबिडोक्रोमिस सीरुलिअस : अंग झळझळीत पिवळे, पाठीवरील परावर काळा पट्टा, लांबी ८ ते १० सेंटिमीटर आणि स्वभाव त्या सरोवराच्या मानाने सौम्य. त्याच सरोवरातील मेलॅनोक्रोमिस ऑराटस हा लहानपणी पिवळ्या अंगावर लांबीच्या दिशेने काळे-पांढरे पट्टे मिरवितो आणि म्हणून ग्राहकाच्या मनात भरतो. परंतु नर वयात येताच त्याचे अंग काळवंडते, आणि तो इतका आक्रमक होतो की लहान टाकीत इतरांचे जगणे अशक्य होऊन बसते. टांगानिका सरोवरातील निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस हा तर जेमतेम ४ ते ५ सेंटिमीटरांचा, उभ्या पट्ट्यांचा मासा असून तो गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत संसार थाटतो. त्याचे पट्टे कल्ल्याच्या झाकणामागून सुरू होतात, तर त्याच्याशी सहज गल्लत होणाऱ्या सिमिलिस जातीचे पट्टे पुढे डोक्यापर्यंत पोहोचतात. पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियाच्या प्रवाहांत आढळणारा क्रिबेन्सिस या दोन्ही सरोवरांतील माशांहून निराळा : त्याची मादी आखूड, भरीव आणि पोटाशी लाल-जांभळी, तर नर लांबट व टोकदार परांचा असतो.

बाजारात ‘मिश्र आफ्रिकन सिक्लिड’ या नावाने विकली जाणारी पिले घेण्याचा मोह टाळावा. मलावीतील निकटच्या जाती बंदिस्त टाकीत परस्परांत संकर करतात, आणि अशा संततीचा स्वभाव वा प्रौढपणीचा आकार आधी सांगता येत नाही; म्हणून पूर्ण शास्त्रीय नाव सांगू शकेल अशाच विक्रेत्याकडून खरेदी करावी.

आता पाण्याचा विचार. नंदुरबार जिल्ह्याचा पुष्कळसा भाग दख्खनच्या काळ्या अग्निजन्य खडकावर वसलेला आहे, आणि ज्या विहिरीच्या पाण्याने भांड्यांवर पांढरी पुटे चढतात व साबणाला फेस येत नाही, ते दुष्फेन पाणी गृहिणीस कितीही तापदायक वाटले, तरी मलावी व टांगानिकाच्या माशांस ते मानवते. मलावीचा सामू साधारण ७.८ ते ८.६ असतो, टांगानिकाचा त्याहून किंचित अधिक. क्रिबेन्सिसला मात्र मृदू पाणी पसंत असल्याने त्याची या माशांशी सांगड घालू नये. विहिरीभोवती खतांचा व औषधफवारणीचा वापर असेल, तर पाणी तपासल्यावाचून टाकीत घेऊ नये; आणि बोअरचे पाणी दिवसभर हवा देऊन मगच वापरावे.

शंखवासी माशांस दोन फूट लांबीची, सुमारे ५५ लिटरांची टाकी, तळाशी बारीक वाळू आणि उकळून स्वच्छ केलेले गोगलगाईंचे शंख पुरतात. पिवळ्या लॅबिडोक्रोमिसच्या थव्यास चार फुटी टाकी व दगडांच्या कपारी हव्यात, आणि दगड वाळूवर न ठेवता थेट तळावर रचावेत, म्हणजे माशांनी वाळू उकरली तरी ते ढासळत नाहीत. मासे आणण्यापूर्वी गाळणयंत्रात उपकारक जीवाणू रुजण्यास चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. हे जीवाणू माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. अल्कधर्मी पाण्यात अमोनियाचा विषारी अंश कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून या माशांच्या बाबतीत जीवाणू रुजण्यापूर्वीच मासे सोडण्याची घाई प्राणघातक ठरते. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. मलावीचे बहुतेक खडकवासी मासे मुख्यत्वे शेवाळावर जगणारे. त्यांना वनस्पतिजन्य खाद्य द्यावे, मांसयुक्त आहाराने त्यांचे पोट फुगून ते दगावू शकतात.

या माशांस २४ ते २७ अंश तापमान मानवते, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा टाकी घरातील थंड खोलीत ठेवावी, पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा घ्यावा, आणि वीज जाईल तेव्हासाठी बॅटरीवर चालणाऱ्या हवापंपाची तजवीज करून ठेवावी. हिवाळ्याच्या रात्रींसाठी उष्णक हवाच.

शेवटी एक गंभीर विनंती. मोझांबिक तिलापिया हा आफ्रिकेचाच सिक्लिड १९५२ साली भारतात आणला गेला, आणि वेगाने प्रजनन करून तो देशभरच्या जलाशयांत पसरला व स्थानिक माशांस भारी पडला. तेव्हा टाकीतला नकोसा झालेला मासा तापीत, ओढ्यात अथवा शेततळ्यात कदापि सोडू नये. तो विक्रेत्यास परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याच्या स्वाधीन करावा. पाळलेल्या जीवाची जबाबदारी ज्याला शेवटपर्यंत स्वीकारता येईल, त्यानेच ही टाकी घरी मांडावी.