चोराने कॅमेराच नेला तर?

बल्बच्या होल्डरमध्ये बसणारा कॅमेरा काढायला चोराला पान्हा लागत नाही की पेचकस. ओसरीतलीच प्लास्टिकची खुर्ची ओढायची, वर चढायचं, बल्ब काढतात तसं चार वेळा फिरवायचं आणि खिशात टाकायचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावसारख्या तालुक्याच्या गावात हा कॅमेरा आवडण्याचं कारणही तेच आहे. वायरिंग नको, भिंत फोडायला नको, मेकॅनिकची वाट पाहायला नको. दीड-दोन हजारांत काम होतं आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला मोबाइलवर आईबाबांचं अंगण, दारातली गाडी, पडवीत रचलेला कापूस दिसतो.

एका सकाळी ते अंगण दिसेनासं होतं. अ‍ॅपवर 'डिव्हाइस ऑफलाइन' असं येतं. मुलगा फोन करतो, आई म्हणते, "लाइन गेली असंन रे." बहुतेक वेळा ते खरंही असतं, म्हणून कॅमेरा गेल्याचं कळायला अर्धा दिवस सहज जातो. मान वर करून होल्डरकडे कोण कशाला बघतंय?

त्या अर्ध्या दिवसात घरचे सर्वांत मोठं नुकसान स्वतःच्या हाताने करतात. राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. बऱ्याच घरगुती राउटरांत कोणतं यंत्र कधी जोडलं गेलं आणि कधी तुटलं याची नोंद असते, पण ती तात्पुरत्या स्मृतीत राहते आणि बटण दाबलं की पुसली जाते. जाणता मेकॅनिक आला की आधी राउटरला हात लावू देत नाही. मोबाइलवरून राउटरचं पान उघडतो, नोंदीचा स्क्रीनशॉट घेतो आणि मग विचारतो, "काकाजी, तेव्हा टीव्ही, फोन सुरू होते का?" बाकीची यंत्रं चालू राहिली आणि एकटा कॅमेरा दोन वाजून बारा मिनिटांनी तुटला, तर ती लाइन नव्हे, माणसाचा हात होता. पुढे तक्रारीत 'रात्री केव्हातरी' ऐवजी 'दोन ते सव्वादोनच्या दरम्यान' लिहिता येतं आणि रस्त्यावरच्या इतर कॅमेऱ्यांत नेमकं कुठे बघायचं ते ठरतं.

कॅमेऱ्यासोबत काय काय गेलं, हा पुढचा प्रश्न. स्वस्तातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच्याच पोटातल्या मेमरी कार्डावर होतं. म्हणजे चोराचा चेहरा टिपला गेला असला, तरी तो चेहरा चोराच्याच खिशात गेला.

हे दुखणं या तालुक्याने जंगलातही पाहिलं आहे. नरभक्षक ठरवलेल्या टी-१ म्हणजेच 'अवनी' वाघिणीच्या शोधात २०१८ साली वनखात्याने राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या झुडपी जंगलात कॅमेरा ट्रॅप लावले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली, तोवर लोणी, सराटी, बोराटीकडच्या लोकांना झाडाला बांधलेल्या त्या डब्यांची सवय झाली होती. नेहमीच्या कॅमेरा ट्रॅपमध्येही फोटो आतल्या कार्डावर साठतात आणि कुणीतरी जाऊन ते आणावे लागतात. डबा चोरीला गेला, की वाघही गेला आणि चोरही गेला. म्हणून जंगलात ते लोखंडी पेटीत घालून साखळीने खोडाला बांधतात, कुलूप लावतात. घरच्या कॅमेऱ्याला मात्र दोन स्क्रू पुरतात असं आपण धरून चालतो.

तारांनी जोडलेले चार कॅमेरे आणि आत रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर, अशी मांडणी असेल तर कॅमेरा गेला तरी रेकॉर्डिंग घरात राहतं. पण चोरही आता शिकले आहेत. घरफोडीच्या बातमीत 'जाताना डीव्हीआरही लंपास केला' हे वाक्य नेहमीचं झालं आहे. शिकवणी कधी अपुरी पडते, ती वेगळी गोष्ट. डीव्हीआर समजून सेट-टॉप बॉक्स उचलून नेणारेही भेटतात.

तिसरी सोय क्लाउडची. कंपनीच्या सर्व्हरवर हालचालीच्या क्लिपा जातात आणि कॅमेरा तोडला तरी तोडण्याआधीची क्लिप तिथे उरते. मात्र योजनेनुसार ती काही दिवसांतच आपोआप पुसली जाते. म्हणून पहिल्याच दिवशी ती उतरवून घ्यायची. क्लाउडचे पैसे भरलेले नसले तरी फोनवर आलेली सूचना शोधावी. तिच्यासोबत कधी कधी छोटं चित्र असतं. त्यात चेहरा नाही तर निदान एक बाही, एक गमछा, खुर्चीचा पाय तरी सापडतो.

इथे एक मोह टाळावा लागतो. रागाच्या भरात लोक अ‍ॅपमधून तो कॅमेरा 'रिमूव्ह' करून टाकतात. काही कंपन्यांचा कॅमेरा मूळ मालकाच्या खात्याला बांधलेला राहतो आणि मालकाने सोडल्याशिवाय दुसऱ्याच्या खात्यात जात नाही. रिमूव्ह म्हणजे त्याचं दावं आपणच सोडून देणं. शिवाय यादीतून नाव गेलं की जुन्या क्लिपाही जाऊ शकतात. बदलायचा तो पासवर्ड, आधी वायफायचा आणि मग अ‍ॅपचा, कारण चोरीला गेलेल्या यंत्राच्या पोटात घरच्या वायफायचा पासवर्ड साठवलेला असतो. कॅमेरा घराच्या आतला असेल तर काळजी जास्त. त्यातलं कार्ड अनेकदा कुठल्याही फोनमध्ये घालून पाहता येतं आणि त्यावर घरातल्या बायामुलांचा दिवसभराचा वावर असतो. त्या क्लिपा दाखवून कुणी धमकावलं तर ती गोष्ट चोरीपुरती राहत नाही. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर त्याची स्वतंत्र तक्रार होते.

शेतातल्या कॅमेऱ्याची तऱ्हा आणखी वेगळी. रोही आणि डुकरांचा माग ठेवायला, मोटारीच्या केबलवर नजर ठेवायला सोलरचा, सिमकार्डावर चालणारा कॅमेरा धुऱ्यावर उभा करतात. तो गेला तर त्याच्यासोबत आपल्या नावाचं चालू सिमही जातं. ते आधी बंद करायचं. कॅमेऱ्याचे पैसे बुडाले तर बुडाले, पण आपल्या नावाच्या नंबरावरून कुणी काय करील ते सांगता येत नाही.

मग पोलीस ठाणं. तालुक्यात राळेगावचं ठाणं आहे, तसं महामार्गावर वडकीचंही आहे. गाव कुणाच्या हद्दीत, यावरून परत फिरायचं कारण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदीची प्रत फुकट मिळते. ठाण्याने नाकारलं तर यवतमाळला पोलीस अधीक्षकांकडे तीच माहिती लेखी पाठवायची आणि तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं.

पण खरी गोम 'दखलपात्र' या शब्दात आहे आणि ती बहुतेक तक्रारदारांना माहीत नसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मात्र चोरलेली वस्तू पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा फक्त समाजसेवेची. आणि अशी चोरी नागरिक सुरक्षा संहितेच्या परिशिष्टात अदखलपात्र लावली आहे. अदखलपात्र म्हणजे लोकांच्या भाषेत 'एनसी'. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. आता घरगुती वायफाय कॅमेरा किती रुपयांना मिळतो? दोन हजार, तीन हजार. चोर पहिलटकर आहे की सराईत, हे तो सापडण्याआधी कुणाला कळणार, हा प्रश्न कायदा लिहिणाऱ्यांना पडला नसावा.

याला दुसरी बाजू कलम ३०५ ची आहे. राहत्या घरातून किंवा मालमत्ता ठेवलेल्या इमारतीतून चोरी झाली तर शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि तो गुन्हा दखलपात्र आहे. त्यामुळे कॅमेरा नेमका कुठे होता, हे तक्रारीत नीट लिहावं लागतं. खोलीतला किंवा ओसरीतला कॅमेरा आणि फाटकाच्या खांबावरचा कॅमेरा यांत कायद्याच्या नजरेने मोठं अंतर पडू शकतं. चोर कुंपण ओलांडून आला, कुलूप तोडलं, वायर कापली, हेही लिहायचं, कारण ते वेगळे गुन्हे आहेत. किंमत फुगवायची नाही. खोटी माहिती देणं हाही गुन्हाच. पण मेमरी कार्ड, अडॅप्टर, स्टँड, सोबत गेला असेल तर डीव्हीआर आणि त्यातली हार्ड डिस्क यांची किंमत विसरायचीही नाही. बिलं जोडली की ती बेरीज कधी कधी पाच हजारांच्या पार जाते.

'चोरी कशाला लिहितोस, गहाळ म्हणून दे, लवकर काम होईल', असा सल्ला देणारा शहाणा अशा वेळी हमखास भेटतो. गहाळ झालेल्या वस्तूची नोंद आणि चोरीची फिर्याद या दोन वेगळ्या गोष्टी. होल्डरला लावलेला कॅमेरा आपोआप गहाळ होत नाही.

फिर्यादीत सगळ्यांत कामाची गोष्ट म्हणजे सीरियल नंबर, आणि तो असतो खोक्यावर. खोका बहुधा दिवाळीच्या साफसफाईत गेलेला असतो. तरी तो नंबर अ‍ॅपमध्ये त्या कॅमेऱ्याच्या माहितीत सापडतो, कॅमेरा ऑफलाइन असला तरीही अनेकदा दिसतो. रिमूव्ह करू नका म्हणायचं हे आणखी एक कारण. नंबराशिवाय जप्तीतल्या दहा सारख्या पांढऱ्या कॅमेऱ्यांतला आपला कोणता, हे कुणीही सांगू शकत नाही. घटनास्थळाचा पंचनामा होईपर्यंत चढायला वापरलेली खुर्ची, उरलेला स्टँड, लोंबणारा अडॅप्टर पुसायचा नाही. चुन्याच्या भिंतीवर ठसा टिकत नाही, गुळगुळीत प्लास्टिकवर टिकू शकतो.

आपला कॅमेरा गेल्यावर उपयोगी पडतो तो शेजाऱ्याचा, किंवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा, किंवा जिनिंगच्या फाटकावरचा. तिथली हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून त्यावर नवं लिहिते. कुठे आठ दिवस, कुठे तीन आठवडे. म्हणून पोलीस कधी येतील याची वाट न पाहता त्याच दिवशी जाऊन "भाऊ, रात्री दोनच्या सुमाराचं तेवढं जपून ठेवा जी" असं सांगून यावं लागतं. मोबाइलने पडद्याचं शूटिंग करून आणलं तर चोर ओळखायला ते पुरतं, कोर्टाला पुरत नाही. मूळ फाइल लागते आणि सोबत प्रमाणपत्र. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची 'हॅश व्हॅल्यू' नोंदवायची. फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी हा आकडा बदलतो.

या प्रमाणपत्राची सक्ती पक्की झाली ती महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा. चित्रण होतं, पण सीडीसोबत प्रमाणपत्र नव्हतं. अधिकाऱ्यांनी मागूनही दिलं नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सांगितलं. ज्याने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, त्याला मात्र सूट दिली. तेव्हाचा कायदा जुना होता, पण किराणा दुकानदाराकडून पेनड्राइव्ह आणताना ही गोष्ट डोक्यात असलेली बरी.

क्लिप हाती आली की ती गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. 'हा चोर ओळखा' एवढं लिहून. अंधारातल्या करड्या चित्रात गमछा बांधलेला कोणीही कोणासारखाही दिसतो. आणि यवतमाळ जिल्ह्यात चोरीचा संशय आधी कुठल्या बेड्यावर जातो, हे सांगायची गरज नाही. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण बघणाऱ्याच्या डोळ्यातून तो अजून गेलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केलं. त्यामागेही मोबाइलवरून पसरलेल्या अफवाच होत्या. दोन हजारांच्या कॅमेऱ्यासाठी क्लिप पोलिसांना द्यावी. ग्रुपला देऊ नये.

पैसे परत मिळण्याचं काय? अमेरिकेत रिंग कंपनी चोरीला गेलेली दारावरची कॅमेरा-घंटी पोलीस रिपोर्ट पाहून बदलून देत आली आहे, असं तिकडे राहणारी आपली मंडळी सांगतात. इकडे वॉरंटीत चोरी बसत नाही. घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी कागद वाचावा. २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाण पॉलिसीत आग, पूर, वादळ यांसारख्या घटनेमुळे सात दिवसांत झालेली चोरी धरली आहे. शांत रात्री होल्डरमधून फिरवून नेलेला कॅमेरा त्यात येत नाही. त्यासाठी घरफोडीचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं.

चोर सापडला, कॅमेरा जप्त झाला, तरी तो लगेच घरी येत नाही. तो मुद्देमाल असतो. कोर्टात अर्ज करून सुपूर्दनाम्यावर सोडवून आणायचा. वकिलाची फी आणि दोन चकरा धरल्या तर नवा कॅमेरा स्वस्त पडतो, आणि बहुतेक लोक तोच घेतात.

नवा बसवताना मेकॅनिक या वेळी शिडी मागतो. खुर्चीवर चढून हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात, तार भिंतीच्या आतून. डीव्हीआर असेल तर टीव्हीखालून काढून धान्याच्या कोठीमागे, आणि टीव्हीखाली जुना बंद पडलेला डबा तसाच ठेवायचा. राउटरला आणि कॅमेऱ्याला छोटी बॅटरी, म्हणजे लाइन गेल्यावरचं आणि चोर आल्यावरचं 'ऑफलाइन' वेगळं ओळखता येतं. मग समोरच्या घरच्यांशी बोलून त्यांचा कॅमेरा थोडा इकडे आणि आपला थोडा तिकडे वळवतात. त्यांच्या खिडकीत डोकावणार नाही एवढंच बघून. शेवटी खोक्यावरच्या सीरियल नंबरचा फोटो काढून तो पुण्याच्या मुलाला पाठवतात.