फिश टँकमधली पिल्ले आणि बोटावरची गाठ

निळ्या पट्ट्यांचा, जेमतेम दीड इंचाचा झेब्रा मासा आपल्याच उपखंडातला. घरच्या फिश टँकमध्येही तो पहाटे उजाडताच अंडी घालतो. आई-बापच ती खातात, म्हणून तळाशी काचेच्या गोट्या पसराव्यात. फटींत पडलेली अंडी वाचतात, दोन-तीन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. परभणीच्या उन्हाळ्यात टँक सावलीत हवा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी उरतो.

मात्र गोट्या धुताना हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. या पाण्यात क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, असू शकतो. काही आठवड्यांनी बोटावर गाठ उठते, कधी चिघळते आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाही. योग्य उपचारही काही महिने चालतात. घरी मासे पाळल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे. गर्दीच्या ओपीडीत ते विचारले जाईलच असे नाही.